शेवटचं कडवं

पुतण्याच्या हळदीसाठी मी एका जुन्या, संथ विरहगीताचं नाचाचं गाणं केलं. लय दुप्पट केली, ढोल घातला आणि शेवटचं कडवं कापलं, कारण तिथे चाल फारच मंदावते. मांडवात गाणं वाजलं तसे सगळे उठले. दादा गेल्यापासून मागेच बसणाऱ्या वहिनीलाही पोरींनी ओढून आणलं. ती हसत चार पावलं नाचली आणि माझ्याकडे आली.

"छान झालंय हो, भावजी. शेवटचं कडवं नाही घेतलंत?"

"त्यावर नाचता येत नाही, वहिनी."

"तेही खरंच. ह्यांना तेवढंच पाठ होतं. दवाखान्यात दिवसभर तेच गुणगुणायचे."

मला ते ठाऊकच नव्हतं. दवाखान्यात मी रोज जायचो, पण दहा मिनिटांत काहीतरी काम काढून निघायचो. जिथे थांबावं लागतं ते मला गाण्यात नको होतं, आणि भावाच्या खाटेपाशीही नको होतं. वहिनीच्या डोळ्यांकडे बघायची मला लाज वाटली.

तेवढ्यात पोरांनी 'वन्स मोअर'चा गलका केला.

"लावा ना, भावजी," वहिनीच म्हणाली.

मी मान खाली घालून तेच गाणं पुन्हा लावलं.