पांढऱ्या साडीची पौर्णिमा

श्रीलंकेला कधी जावं हे लोक हवामान बघून ठरवतात. अहमदपूरच्या सरजाबाईनं कॅलेंडरातली पौर्णिमा बघून ठरवलं. शाळेत पोरांची खिचडी शिजवण्यात तिची हयात गेलेली. चुलीपुढं बाराही महिने उन्हाळाच, तिला हवामानाचं काय कौतुक?

तिची लेक विशाखा लातूरला बँकेत. तिनं ट्रॅव्हलवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, डिसेंबर ते मार्च जा, समुद्र बघा, हत्ती बघा, चहाचे मळे बघा.

"मळे आपल्याकडं काय कमी हायत?" सरजाबाई म्हणाली. "मला अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायचाय, अन् तोबी पौर्णिमेला."

विशाखानं शोधाशोध केली. जेठातल्या पौर्णिमेला महेंद्र थेर या भिक्खूंनी त्या देशात धम्म नेला, म्हणून त्या दिवशी अनुराधपूर माणसांनी फुलतं म्हणे. जून म्हणजे कोलंबोकडं पाऊस आणि अनुराधपुरात कोरडं ऊन. "ऊन तर आपल्या घरचंच हाय, काढ तिकीट," माय म्हणाली. तिकीट निघालं आणि मग विशाखाच्या ध्यानात आलं, हीच की आपल्याकडची वटपौर्णिमा.

आता शेजारच्या केवळाबाईचं सांगायलाच पाहिजे. तोंडानं फाटकी, मनानं सोनं. सरजाबाईचा नवरा भीमा तीन वर्षांखाली गेला, तेव्हा तिच्या घरात चूल पेटली नाही तोवर भाकरी केवळाबाईच्याच घरून आल्या. पण त्याच दिवसांत ती बोलून गेली, "तरी म्या सांगत होते सरजे, सणाला पांढरं नेसू नको. आलं ना पांढरं कपाळ?"

शब्द जिव्हारी लागला. बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायचं, ही सरजाबाईची लग्नापासूनची हौस. भीमा दरसाल नांदेडहून स्वतः साडी निवडून आणायचा. आता नेसली तर गाव म्हणणार, नवरा गेल्याची नेसली. म्हणून तिनं पांढरं सोडलं ते सोडलंच. विहारात जायची ती हिरव्यागार साडीत, मान ताठ ठेवून. आणि रडलीही नाही कधी कुणापुढं.

"माय, तिथं तरी पांढरी घे," आपल्या दोन पांढऱ्या साड्या बॅगेत भरताना विशाखानं म्हटलं.

"तिचं नाव काढू नको."

पौर्णिमेच्या सकाळी दोघी, लेक पांढऱ्या साडीत आणि माय हिरव्या, अनुराधपुरात रस्त्यावर आल्या आणि सरजाबाई जागीच थबकली. नजर जाईल तिथवर पांढरंच पांढरं, कापूस फुटलेलं रान असावं तसं. म्हातारे पांढऱ्यात, कडेवरची लेकरं पांढऱ्यात. हातात कमळं, पाय अनवाणी, आणि एवढ्या लोकांत गलका म्हणून नाही. एक नवी नवरी पांढऱ्या कपड्यात नवऱ्याचा हात धरून चालली होती. सरजाबाई तिच्याकडं बघतच राहिली.

"हिचा नवरा तर हिच्या बाजूलाच हाय," ती हळूच म्हणाली.

"माय, हितं सगळेच घालतात."

एवढ्या जत्रेत हिरवी काय ती सरजाबाई एकटीच. ती गर्रकन माघारी वळली. खोलीवर येऊन म्हणाली, "तुझी दुसरी पांढरी काढ." निऱ्या तिनं स्वतः घातल्या. विशाखानं पदर लावून दिला.

बोधिवृक्ष भलाथोरला असेल असं सरजाबाईला वाटलं होतं. बघते तर सोनेरी कठड्याआड टेकू देऊन जपलेल्या बारीक फांद्या. एका राजाच्या लेकीनं, संघमित्रेनं, समुद्र ओलांडून रोप आणलं आणि दोन हजारांवर वर्षं लोकांनी ते मरू दिलं नाही. नुसते हात जोडून सरजाबाई पानांकडं बघत राहिली. मग तिथून बाहेर येऊन एका पिंपळाच्या सावलीला टेकली.

तेवढ्यात केवळाबाईचा व्हिडिओ कॉल आला. ती वडाखाली, नाकात नथ, हातात सुताची गुंडी.

"सरजे, सगळेच पांढऱ्यात? कोन मेलं गं तिथं?"

"कुनी न्हाई. सण हाय."

"अन् तूबी?"

सरजाबाईनं फोन लांब धरला, अंगभर साडी दिसावी म्हणून. "माझा भीमा मेलाय, केवळे. पर ही साडी त्याच्या मरणाची न्हाई. असलीच तो मला जिता असताना घेऊन येत होता."

केवळाबाईनं पदर तोंडाला लावला. तीन वर्षांचं रडू सरजाबाईला तिथं, त्या परक्या देशात, केवळाबाईपुढं आलं.