उजव्या खिशातले शेंगदाणे

बारामती ते इंदापूर या साऱ्या पट्ट्यात कुणावरही आवाज न चढवता सगळ्यांना सुतासारखं सरळ करणारा माणूस एकच, आणि तो माझा चुलत मामा आहे. हे मी अभिमानाने सांगतो, कारण त्या सरळ झालेल्यांत मीही आहे. मामांनी जन्मभर बारामतीत होऊ घातलेल्या शिक्षकांना मानसशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले, वर्ग सुटला, शिकवणं काही सुटलं नाही. सदऱ्याच्या उजव्या खिशात भाजलेले शेंगदाणे कायम. कुणी चांगलं वागलं की हात खिशात गेलाच आणि दाणा पुढे आलाच, तोही तिथल्या तिथे. कुणी वाईट वागलं की मामा आभाळाकडे बघत. घरात असले तर पंख्याकडे. शिक्षा म्हणाल तर एवढीच.

इंदापूर गाडीचा एक ड्रायव्हर थांब्याच्या पार पुढे गाडी नेऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना पळवायचा. लोक त्याचा उद्धार करत, तो आणखी पुढे नेई. एकदा चुकून गाडी जवळ थांबली, तर मामांनी खिडकीतून त्याच्या हातावर मूठभर दाणे ठेवले. महिन्याभरात अशी गत झाली की आधी खिडकीतून ड्रायव्हरचा हात बाहेर यायचा आणि मग मामांच्या नाकासमोर गाडी थांबायची. आमचं कुत्रं पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारायचं, तेही मामांनी बसतं केलं. इतकं बसतं, की वीजमीटर बघायला येणारा माणूस पेनासाठी खिशात हात घालतो आणि आमचा राखणदार त्याच्यापुढे शेपूट हलवत बैठक मारतो. मी म्हणालो, "मामा, उद्या चोर आला तर?" मामांनी पंख्याकडे बघितलं.

मी मूळचा भडक डोक्याचा. दोन ठेवून दिल्याशिवाय कुणी सुधारत नाही, हे माझं ठाम मत. मामांनी एकदा मला पकडलं. "गूळ चोरला म्हणून आक्कानं, तुमच्या आईनं, तुमाला लाटण्यानं हाणलं हुतं. सुटला का गूळ?"

"नाही."

"मग काय शिकला?"

"आई दुपारी झोपली की खायचा."

"बघा! मार खाऊन माणूस मारणाऱ्याची झोप पाठ करतो, दुसरं काय न्हाय." आणि खरं बोललो म्हणून मला दाणा दिला. वयाच्या पन्नाशीत मी तो निमूटपणे खाल्ला, काय करता!

दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या आणि हा सगळा थाट मोडला. मुलगी लांब, परगावी. मामांचं इंदापूर गाडीने आमच्याकडे येणं थांबलं. फोनवर "बरं हाय, बरं हाय" एवढंच. एकदा मी बारामतीला गेलो, तर दाढी वाढलेली, जेवणाच्या जागी चहा-बिस्किटं. मी निघताना त्यांनी सवयीने खिशात हात घातला, तो रिकामाच बाहेर आला. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी करतो तेच केलं, त्यांच्यावर ओरडून आलो.

मग आमची आई मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. आता चालवा. पडून राहिल्या तर कायमच्या अंथरुणाला खिळतील." आई पाय टेकवेना. मी ओरडलो, तिने भिंतीकडे तोंड केलं. मग मात्र माझी तंतरली. ताठ मानेची ही बाई अशीच पडून जाणार की काय, या विचाराने मला घास जाईना.

शेवटी मामांना फोन केला. "जयभीम, आक्का," म्हणत ते आले. वही काढून कोपऱ्यात दोन तास बसले. मग मला नि बायकोला बाहेर बोलावलं. "आक्का अकरा येळा कण्हली. अकराही येळा तुमी पळत आला. एकदा ती आपली आपण कुशीवर वळली, तवा कोण फिरकलं? कोणच न्हाय. तुमी तिला कण्हायला शिकवताय." आधी डॉक्टरांना फोन लावून दुखणं खरंच नाही याची खात्री करून घेतली, मग हुकूम सोडला: कण्हली की कुणी हलायचं नाही.

त्या दिवशी आई अशी कण्हली म्हणता, शेजारीपाजारी दारात जमले. मी उठलो, मामांनी मनगट धरलं. "वाढणारच! बंद पडायच्या आदी वाढतंच." डोळे मात्र त्यांचेही भरले होते. आणि एकाएकी आई दोन्ही हात टेकून उठून बसली आणि गरजली, "मेली का काय समदी?"

"बसली! आक्का बसली!" मामा उडालेच. आम्ही धावलो, शेजाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. आईला दात नाहीत, म्हणून दाण्याचं कूट नि गूळ तयार ठेवला होता. तो तिने रागारागाने खाल्ला.

मग मामा दिवसाआड येऊ लागले. आज पलंगाची कड, मग एक पाऊल, मग वॉकर धरून तीन. प्रत्येक पावलाला टाळ्या आणि कूट. आई त्यांना जेवल्याशिवाय सोडत नसे. बायकोला सांगून बाजरीची भाकरी आणि बोंबलाची चटणी करवायची. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गाडी अडली ती अडलीच. तीन आठवडे आई उंबरा ओलांडेना. मामा वहीत डोकं घालून बसत.

एका दुपारी मी लवकर घरी आलो. मामांचा यायचा दिवस नव्हता. स्वयंपाकघरातून खमंग वास येत होता आणि आई, वॉकर नाही की काही नाही, तव्यावर बोंबील भाजत होती! मी "आई!" म्हणून ओरडणार, तोच तिने उलथनं उगारलं.

"गप! भावड्याला सांगू नगंस."

"अगं, का?"

"मी चालली की त्याचं काम संपलं. मग परत त्या रिकाम्या घरात बिस्किटावर ऱ्हाईल. हितं चार घास गरम खातोय. दाढी करून येतोय, बघितलं न्हाईस?"

मी कशाला बघतोय! मी फक्त पावलं मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी मामांनी जेवून हात धुतले आणि वही मिटली. "आक्का, माझं चुकतंय कुठंतरी. तुझा येळ वाया घालवला. आता दुसऱ्या कुणाला दाखवा, मी काय येत न्हाय." पिशवी उचलून ते चालूही लागले. मी आईकडे बघितलं.

आईने वॉकर बाजूला सारला. घराचा उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं, डांबरी रस्त्यावर उभी राहिली. "भावड्या!" मामा वळले. "चालतीया बघ मी! पर तू यायचं बंद केलंस, तर परत अंथरूण धरीन, सांगून ठिवते!"

मामांनी उजवा खिसा उलटा केला. सगळे दाणे रस्त्यावर सांडले. भर रस्त्यात त्यांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या, आणि आमचं कुत्रं कुणाचं ऐकायचं ते न कळून मध्येच बसलं. माझ्या आयुष्यात एवढी मोठी जीत मी पाहिलेली नाही.

आता मामा रविवारी येतात. संध्याकाळी परत जाऊन आपल्या घराचं कुलूप त्यांना स्वतःच काढावं लागतं, त्यावर आमच्याकडे इलाज नाही. पण रविवारी सकाळी आई एकटी थांब्यापर्यंत चालत जाते, पदराखाली बोंबलाच्या चटणीचा डबा धरून. घरी येईपर्यंत थांबायला काय होतं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "बक्षीस लगीच द्यायचं असतं." परवा गाडी तिच्या नाकासमोर थांबली. मामा उतरले. आईने त्यांच्या गुळगुळीत गालावरून हात फिरवला आणि डबा हातात दिला. हे कशाचं बक्षीस, ते मामांनी विचारलं नाही.