हात मागेच ओढतो

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे विमानाबद्दल विचारायला घरी कोणी नव्हतं. संभाजीनगरच्या कॉलेजात विमान उडवण्याच्या सरावाचं एक यंत्र होतं: खुर्ची, समोर पडदा आणि हातात दांडा. स्टॉलमधून विमान सावरता आलं, तरच सर पायलटच्या प्रशिक्षणासाठी माझी शिफारस करणार होते.

पुस्तकातलं मला पाठ होतं. नाक फार वर गेलं की पंखावरची हवा सुटते आणि विमान खाली यायला लागतं; हाच स्टॉल. त्याआधी इशारा म्हणून दांडा थरथरतो. तेव्हा तो पुढे ढकलून नाक खाली करायचं. पण दांडा खरंच थरथरला, पडद्यावर जमीन दिसली, आणि मी तो दोन्ही हातांनी मागे ओढला. विमान पडलं.

"का ओढलास?" सरांनी विचारलं.

रविवारी भोकरदनजवळच्या आमच्या गावी गेले. वडिलांसोबत बैलगाडीतून शेतातून परतताना कासरा माझ्या हातात होता. नाल्याचा उतार आला, गाडी बैलांच्या अंगावर जाऊ लागली, तशी मी मागे रेलून कासरा ओढला. लहानपणापासून असंच करत आले होते. मग एकदम सरांचा प्रश्न आठवला.

"अण्णा, इथं कासरा सैल सोडला तर?"

"मंग तू, मी अन् बैल, सगळे नाल्यात. कॉलेजात हेच शिकून राह्यली का?"

मला सरांचंही पटत होतं आणि अण्णांचंही.

पुढच्या वेळी दांडा थरथरला तसा मी ढकलला. जमीन अंगावर येऊ लागली. वेग वाढतोय हे काट्यावर दिसत होतं, तरी धीर धरवेना. मी घाईनं मागे ओढला आणि तो पुन्हा थरथरला. परत ढकलला. या वेळी थरथर थांबली, तरी वेग पुरेसा येईपर्यंत तसाच धरून ठेवला, मग हळूहळू नाक वर घेतलं.

"शिफारस करतो," सर म्हणाले. "पण ती घाई सोड."

मी घरी फोन लावला. "अण्णा, जमलं. दांडा सैल सोडला, पुढे ढकलला."

"अन् नाल्यात न्हाई गेली?"

मी पंख, हवा, वेग असं सांगत राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बराबर हाये. पण गाडीवर बसली की ओढायचंच."

मी हो म्हणाले. हाताला हा फरक कसा शिकवायचा, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.