राजूताईच्या बाथरूमची खिडकी

गॅस लीक झाला नव्हता.

हे वाक्य वर्षभर प्रत्येकाला वेगवेगळं सांगून झालं. आता एकदाच इथे लिहिते.

राजश्री माझी मावसबहीण. आमची राजूताई. पहिल्या बाळंतपणाला वर्तकनगरला, माहेरी आली होती. बारसं झालं आणि त्याच आठवड्यात ती अंघोळीला गेलेली असताना बाथरूममध्ये वारली. आज वर्ष झालं.

लोक म्हणाले, अशक्तपणा असेल. कुणी म्हणालं, चक्कर. कुणी दृष्टीवर गेलं.

पोस्टमॉर्टेममध्ये कारण स्पष्ट होतं. कार्बन मोनॉक्साइड.

गॅस गीझरच्या ज्योतीला हवा लागते. बंद बाथरूममध्ये ती तीच हवा घेते, जी आत उभं असलेलं माणूस घेतं. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. त्याला वास नाही. रंग नाही. डोळेसुद्धा चुरचुरत नाहीत.

मावशी अजून म्हणते, "वास आला असता ना गं."

नाही, मावशी. नसता आला.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. कोलशेतला एका कंपनीत बर्नर आणि बॉयलर बघते. राजूताई मला इन्स्पेक्टर म्हणायची. मी चपला काढत असतानाच आतून आवाज यायचा, "इन्स्पेक्टर आल्या, सिलिंडर झाका."

बाळाला बघायला गेले तेव्हा बाथरूमच्या खिडकीत, काचांच्या पट्ट्यांमध्ये, मावशीची जुनी सुती साडी घडी करून खोचलेली होती. वरून चिकटपट्टी.

बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून.

अंगाला तेल, कढत पाणी, दार लावलेलं, खिडकी बंद. आणि गीझर आतच, दाराच्या वर. दोन अंघोळी होईपर्यंत चालू.

मी साडी ओढून काढली. मावशीला ज्योत, हवा, सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला मूल झालं की मग शिकव हं."

राजूताई हसली. नंतर मला हळूच म्हणाली, "जाऊ दे गं. सव्वा महिन्याचा तर प्रश्न आहे. आईशी आत्ता वाद नको."

मी होते तोवर खिडकी उघडी होती.

त्या दिवशी बाळाला आधी न्हाऊ घालून बाहेर दिलं होतं. म्हणून तो आहे. कल्याणला बाबांकडे असतो, भिंत धरून चालतो.

आज मावशीने ताट वाढलं होतं. अळूची भाजी, राजूताईच्या आवडीची. राजूताईची धाकटी बहीण मधुराही आली होती. तिला सातवा आहे. तीसुद्धा बाळंतपणाला इथेच येणार.

जेवण झाल्यावर मावशी मला बाथरूम दाखवायला घेऊन गेली. उत्साहाने. जुना गीझर काढून टाकला होता. नवा, महागाचा. कमी गॅसमध्ये जास्त पाणी तापवणारा. आपोआप बंद होणारा. धूर बाहेर टाकायला चकचकीत पाइपसुद्धा.

"आता तरी पास कर," मावशी म्हणाली.

गीझर चांगला आहे. खरंच चांगला आहे. पण बसवलाय तिथेच, आत, दाराच्या वर.

मी पाइप कुठे जातो ते बघितलं. तो वर सीलिंगमध्ये शिरत होता. स्टुलावर चढून सीलिंगची पट्टी उचलली. पाइप तिथेच संपत होता. पट्टीच्या वर, बाथरूमच्याच आत.

बसवणाऱ्याने भिंतीला भोक पाडायचं म्हटलं होतं. सोसायटीने नाही म्हटलं. बिल्डिंगला नुकताच रंग दिलाय, बाहेरून खराब दिसेल. मग त्याने पाइप वर घातला आणि गेला. पाइप लावायचा होता, लावला.

मला कुणाशी भांडावं तेच कळेना.

खिडकीत साडी होती. धुऊन, इस्त्री केलेली. मधुरासाठी आत्तापासूनच.

वर्षभरात मला एवढं कळलंय की मावशीला हे समजत नाही असं नाही. समजलं, तर ती साडी कुणी खोचली हेही समजून घ्यावं लागेल. तिला ते परवडणार नाही. म्हणून घरात सगळे अशक्तपणा म्हणतात. मीही तिच्यासमोर गप्प बसते.

मधुरा दारात उभी होती. आईकडे न बघता तिने मला विचारलं, "ताई, खरं सांग. खिडकीमुळे ना?"

मी म्हटलं, "हो."

मावशी बाहेर निघून गेली.

मी गीझरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढला आणि बॅगेत टाकला. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसेल, पाइप खरोखर भिंतीबाहेर जाईल आणि खिडकी उघडी राहील, तेव्हा परत देईन. चोर म्हणा.

सोसायटीच्या सेक्रेटरींना उद्या लेखी पत्र देणार आहे. ते काय म्हणतील ते मला माहीत आहे.

निघताना स्वयंपाकघरातून आवाज आला. मावशी माळ्यावरून मोठं पातेलं काढत होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही. पातेलं घासलं, पाण्याने भरलं, शेगडीवर ठेवलं. शेगडीच्या वरची खिडकी सताड उघडली.

एवढंच. मी आणखी काही मागितलंही नाही.

राजूताई, सिलिंडर झाकू नकोस. रेग्युलेटर माझ्याकडे आहे.

तुझी आठवण रोज येते, हे तुझ्या इन्स्पेक्टरकडून. नीट राहा.