बर्फमावशी आणि तपकिरी पट्टा

आमच्या संस्थेत तिला सगळे बर्फमावशी म्हणतात. कागदावर ती शीतखोलीची मदतनीस, पण कागद वाचतो कोण? सतरा वर्षं आइस्क्रीमच्या कारखान्यात काढून ती इथे आली. पायांत दोन-दोन मोजे, कानांवर नवऱ्याची जुनी लोकरी टोपी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. थंडीत माणसं गप्प होतात म्हणे. मावशीला तशी थंडी अजून भेटायची आहे.

तिच्या ताब्यात ध्रुवाकडच्या समुद्रावरून आणलेला बर्फ होता. समुद्र गोठताना मीठ बाहेर टाकतो. ते खारट पाणी बर्फातल्याच बारीक नळ्यांत अडकून राहतं आणि त्या नळ्यांत नुसत्या डोळ्यांना न दिसणारी शेवाळं संसार थाटतात. भोवतालचे बर्फाचे कण एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागले की शेवाळांचा चुरा व्हायचा. म्हणून ती एक प्रथिन सोडतात. ते कणांना चिकटून बसतं आणि त्यांना वाढू देत नाही. मी इथे नवी रुजू झाले तेव्हा हे सगळं मोठ्या ऐटीत मावशीला समजावून सांगितलं.

"म्हणजे आम्ही आइस्क्रीममध्ये डिंक घालायचो, तसंच की," ती म्हणाली.

मला हे कळायला तीन वर्षं आणि एक प्रबंध लागला होता.

जुन्या फ्रीजरमध्ये दर तीन महिन्यांनी हिमाचा थर साचायचा. मावशी सगळे नमुने बर्फाच्या पेटीत हलवून, लाकडी उलथन्याने दोन तास तो खरवडत बसायची. मला तिची दया आली. साहेबांच्या मागे लागून मी नवा फ्रीजर मागवला, ज्यात थर धरतच नाही.

मावशीने त्याचं दार दोनदा उघडून बंद केलं. "मॅडम, यात नका ठेवू. हा मधूनमधून आतून गरम होतो, म्हणून याला थर धरत नाही. आमच्याकडे असं झालं की सगळा माल करकरीत व्हायचा. दातांखाली वाळू आल्यासारखा."

"मावशी, हे आइस्क्रीम नाही," मी म्हणाले.

ती गप्प बसली. तेवढ्यावरून तरी मला शंका यायला हवी होती.

सगळा बर्फ नव्या फ्रीजरमध्ये गेला. सात आठवड्यांनी मी एक तुकडा खाऱ्या पाण्यात वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सगळी शेवाळं फुटलेली. दुसरा तुकडा तसाच, तिसराही. नवा बर्फ घेऊन येणारं जहाज चार वर्षांनी आणि माझी नेमणूक दोनच वर्षांची. जिवंत शेवाळ नाही तर ते वाढवणं नाही, प्रथिन नाही, आणि मग मीही नाही. शीतखोलीतल्या स्टुलावर बसून मी सरळ रडले. मावशीने कानांवरची टोपी काढून माझ्या कानांवर ओढली. "बघितलंत ना?" असं एकदाही म्हणाली नाही.

मग तिने उरलेला सर्वांत लांब तुकडा काढला, हातभर लांबीचा गोल दांडा, आणि त्याला कान लावून सुरीच्या पाठीने खरवडायला लागली. पांढऱ्या भागावर खर्रखर्र वाजत होतं. तळाशी दोन बोटं रुंद तपकिरी पट्टा होता, तिथे आवाज एकदम बसला.

"हे मऊ आहे. हात लावून बघा."

मी हातमोजा काढला. पांढरा भाग जाड्या मिठासारखा लागला, तपकिरी गुळगुळीत. तो तपकिरी होता कारण शेवाळांची सगळ्यांत दाटी तिथेच होती. माझ्या फ्रीजरने सात आठवडे छळूनही त्यांनी आपल्याभोवतीचा बर्फ बारीकच ठेवला होता. आधी पांढऱ्यावर हात बसवू आणि मग या पट्ट्याला हात लावू, असा माझा बेत होता, म्हणून त्याच्याकडे मी बघितलंच नव्हतं.

आम्ही पट्टा कापून थंडगार खाऱ्या पाण्यात हळूहळू वितळवला. गोड्या पाण्यात ती शेवाळं टचकन फुटतात. ते पाणी काचेच्या चंबूंत भरून दिव्याच्या उजेडात ठेवलं आणि वाट पाहायला लागलो. रोज सकाळी मावशी माझ्या आधी बघून यायची. "काही नाही. चहा घ्या," एवढंच म्हणायची.

एकोणिसाव्या दिवशी तिने चहाचं नाव काढलं नाही. एका चंबूमागे पांढरा कागद धरून उभी होती. तळाशी पुसटसा तपकिरी रंग उतरला होता. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर शेवाळं जिवंत होती आणि एकाची दोन होत होती. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. मी मावशीला मिठी मारली. तिला अवघडल्यासारखं झालं, पण तिने सोडवून घेतलं नाही.

"साहेबांना सगळं लिहून देते," मी म्हणाले. "चूक माझी होती, हेही."

"द्या की. पण मी सांगितलं होतं, तेही लिहा," मावशी म्हणाली. "कारखान्यात सतरा वर्षं सांगत होते, कुणी कुठे लिहिलं नाही."

मी अहवालात तसं स्वतंत्र वाक्य घातलं. मावशीने ते बोट ठेवून दोनदा वाचलं आणि त्या पानाची एक प्रत मागितली.

"फाइलला लावायला?" मी विचारलं.

"छे, घरी न्यायला. आमचे हेसुद्धा ऐकत नाहीत."