मोरेत्तीबाईचं लुगडं

शिरड शहापुरात कुणी विचारलं, "लेक कुठं दिली गं?" की जनकाबाई ठसक्यात सांगायची, "मोरेत्तींच्या घरात. लई लांब, इटलीला." बायका खुसखुसायच्या. "किती एकर हाये मोरेत्तीला?" जनकाबाई फणकारायची, "तुमच्या सोयऱ्याहून जास्तच!"

खरं गावाला ठाऊक होतं. नवरा गेला तेव्हा पोर तान्ही होती आणि जनकाबाईच्या अंगावर दूध नव्हतं. तिनं लेकरू आश्रमात ठेवलं, तिथून मोरेत्ती नवरा-बायकोनं दत्तक नेलं. पोर टाकली म्हणण्यापेक्षा लेक दिली म्हणलेलं बरं. दिलं घर ते सासर, एवढाच तिचा हिशेब.

यंदा पंचमीला ती लेक खरंच दारात उभी राहिली. सपना मोरेत्ती. आईनं ठेवलेलं नाव त्यांनी राखलं होतं, बघा! जनकाबाईच्या डोळ्यांचं पाणी खळेना. शेजारची प्रतिक्षा कॉलेजात शिकलेली, तिच्या इंग्रजीवर दोघींचं बोलणं चालायचं. सपनानं फोटो दाखवला. लांब नाकाचा म्हातारा मोरेत्ती आणि कणीक मळणारी म्हातारी.

"ही माही विहीण व्हय! हात बघा कसे कामाचे."

पुढं तिनं काही विचारलं नाही. लेकीला दिल्या घरचं खोदून विचारू नये, ही रीत. सण सरला, तरी सपना जायचं नाव काढीना. राहावी, कायमची राहावी, असं जनकाबाईला आतून फार वाटायचं. पण ज्यांनी वाढवली त्यांची लेक अडकवून ठेवायची? तोंड कुठं लपवावं मग? शेवटी तिनं काळजावर दगड ठेवला. आपलं कपाळ मोकळं, म्हणून गल्लीतल्या सवाष्ण पार्वतीबाईला बोलावून लेकीची ओटी भरवली आणि वर एक हिरवं इरकली लुगडं दिलं.

"सांग गं प्रतिक्षा हिला, मोरेत्तीबाईला नेसव म्हणावं."

सपनानं लुगडं छातीशी धरलं आणि ती हमसून हमसून रडली. माहेर सुटतंय, दुसरं काय, असं जनकाबाईला वाटलं.

सपनाला हिंगोली स्टेशनवर गाडीत बसवून प्रतिक्षा परतली ती तोंड पाडून.

"मावशी, मोरेत्तीबाई गेल्या साली वारल्या. म्हातारा त्याच्या आदुगरच. तिकडं आता कोणीच न्हाई, घराला कुलूप हाये. सपनाताई इथं राहायलाच आली होती. गाडी सुटता सुटता सांगितलं तिनं."

"मंग मला बोलली काहून न्हाई?"

"बोलणारच होती. तेवढ्यात तुमी ओटी भरवली. मला म्हणे, हे काय? मी सांगितलं, लेकीला वाटं लावून राहिलेत."

"फोन लाव. लाव लवकर!"

"कवापासून लावून राहिले. बंद हाये."

जनकाबाई उंबऱ्यातच बसली.

"आगं, मंग ते लुगडं कुणाला नेसवील माही लेक?"