औषधानंतर उरलेली उडी

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे रेघबाई म्हणतात. तोंडावर नाही हं, पाठीमागे. विद्यार्थिनी असताना तिने काढलेला आलेख दारासमोरच्या भिंतीवर चौकटीत लावलाय: आधी उंच चढ, मग औषध, मग एकदम सपाट रेघ. आमचे जुने सर म्हणायचे, "हात असावा तर असा!" तेव्हा मी तिच्याच टेबलावर शिकत होते आणि आता तिच्याच शेजारी उभी राहून शिकवते. तिच्या हाताचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

प्रयोग सांगते, घाबरू नका. उंदराच्या शेपटीतली बारीक धमनी काढायची, तिचं इवलंसं कडं कापून दोन तारांवर अडकवायचं, कोमट खारट पाण्यात बुडवायचं आणि विजेचे हलके झटके द्यायचे. धमनीला बिलगलेले अनुकंपी चेतातंतू जागे होतात, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नावाचं रसायन सोडतात आणि धमनी आवळते. नाव अनुकंपी आणि धंदा गळा आवळायचा! मग पाण्यात या रसायनाला अडवणारं औषध टाकायचं. धमनी ढिम्म राहिली की पैकीच्या पैकी.

पण मेली राहील तर ना! झटका दिला रे दिला की पुष्कळदा सुरुवातीला एक छोटीशी उडी मारतेच. असा आलेख घेऊन कुणी आलं की रेघबाई म्हणायची, "हात नीट नाही तुझा. परत कर." परत तेच आलं की नापास.

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी नापास झाली. अबोल, पण हट्टी. यंदा दुसऱ्यांदा नापास झाली असती तर नाव कापून घरी पाठवली असती. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सरावाला बसली, तर पुन्हा तीच उडी. तिने भांडी धुतली, औषध नवीन घेतलं, धमनी बदलली. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, मी नाही हो काही करत. ती धमनीच उडतेय."

 दुपारी रेघबाईने मला सामानाच्या खोलीत ओढून नेलं. 

"तिची उडी खरी आहे," ती म्हणाली. "माझी रेघ खोटी आहे."

"म्हणजे?"

"माझ्याही आलेखात उडी येत होती गं. सरांना सपाट हवं होतं. मी औषध टाकल्यावर वीज हळूच कमी केली. चेतातंतू जागेच झाले नाहीत, मग धमनी कशाला हलेल?"

मी कपाळावर हात मारला. "आणि ती उडी कशाची, हे तुला कधी कळलं?"

"केव्हाच. वाचलं ना मी. चेतातंतू एकटं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडतच नाही. सोबत एटीपी सोडतो, पेशीचं रोजचं इंधन तेच. ते पहिलं पोचतं, उडी त्याची. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन मागून येतं आणि धमनी धरून ठेवतं. झटके जोरात आणि बराच वेळ दिले तर तिसरंही सुटतं, न्यूरोपेप्टाइड वाय. ते सावकाश येऊन बाकीच्यांना जोर देतं. आपण एकाला अडवतो आणि म्हणतो, सगळे गप्प बसा."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने बोलू? प्रत्येक पोर आलं की वाटायचं, आज सांगावं. मग भिंतीकडे बघायचे आणि जीभ आत जायची. मन खातं गं मला. घास उतरत नाही."

मला दया यायला हवी होती. आला तो राग. "मग घालव त्या पोरीला घरी, आणि चौकट पूस रोज फडक्याने!" मी ओरडले. ती हमसून हमसून रडली. मी तिला गप्प केलं नाही.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी मुलीचा आलेख पाहिला, भिंतीवरचा पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. "त्या भिंतीवरच्यासारखं यायला हवं होतं." त्यांनी पेन उघडलं.

"थांबा," रेघबाई म्हणाली.  "त्या पाण्यात चेतातंतू बधिर करणारं औषध टाका. उडी यंत्राची असेल तर राहील, चेतातंतूंची असेल तर जाईल."

मुलीने औषध टाकलं. थोडं थांबून झटके दिले. उडी गेली.

"म्हणजे ती चेतातंतूंचीच होती. हिचा हात उत्तम आहे," रेघबाई म्हणाली. "आणि भिंतीवरचा आलेख माझा आहे. तो खोटा आहे. मी वीज कमी केली होती."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मुलीला पास करून टाकलं. जुन्या आलेखाबद्दल विभागप्रमुखांना कळवावं लागेल, एवढंच बोलले आणि गेले.

मुलगी तारा धूत होती. रेघबाई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. "माफ कर गं मला. तुझं वर्ष खाल्लं मी."

मुलीने नळ बंद केला. आवाज चढवला नाही, काही नाही. "माझं झालं, मॅडम. पण माझ्याआधी अशा किती जणांना घरी पाठवलंत?"

रेघबाई माझ्याकडे बघायला लागली. 

"मोजले नाहीत गं मी," ती म्हणाली.